बोळ, भिंत आणि भीती: जागेच्या ठेवणीचा गुन्ह्याशी नक्की काय संबंध?

पायरीवरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या इमारतींच्या मागून एक बोळ जातो आणि पुढे बसस्टॉपला निघतो. एका बाजूला आमचं जाळीचं कुंपण, त्यात एक छोटं फाटक. दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या गोदामाची लांबच लांब भिंत, एकही खिडकी नाही. आता कमिटीचं म्हणणं आहे की जाळी काढून आठ फुटी पक्की भिंत घालू, फाटक कायमचं बंद करू आणि वर दोन कॅमेरे लावू. का, तर बोळ असुरक्षित वाटतो. आता बघा, बोळात आजवर तक्रार नोंदवावी असं काही झालेलं नाही. सायकली चोरीला गेल्या त्या सगळ्या पुढच्या पार्किंगमधून, जिथे रात्रभर लख्ख उजेड असतो आणि जिथे कुणालाच भीती वाटत नाही. म्हणजे भीती एकीकडे आणि चोरी दुसरीकडे!

मीटिंगमध्ये मी विरोध केला पण मुद्दा नीट मांडता येईना, सगळे म्हणाले भिंत आली की प्रश्न मिटला. मला आतून वाटतंय की भिंतीने तो वाढेल. जाणकारांनी प्लीज लिहा.

नकाशा

पायरीवरची ताई, भिंत घालू नका हे आधी सांगतो, कारणं मग. नगररचनेच्या कामात बरीच वर्षं गेलीत त्यामुळे या विषयावर मी थांबत नाही, आधीच माफी.

जेन जेकब्स म्हणून एक बाई न्यूयॉर्कला राहायच्या, पेशाने पत्रकार, नगररचनेची पदवीबिदवी काही नाही. त्यांनी १९६१ साली ठामपणे मांडलं की रस्ता सुरक्षित ठेवण्याचं मुख्य काम पोलीस करत नाहीत, येताजाता सहज नजर टाकणारी माणसं करतात. दुकानदार, खिडकीतली आजी, पायऱ्यांवर बसलेली पोरं. पण त्यासाठी खिडक्यांचं तोंड रस्त्याकडे हवं आणि रस्त्यावर सतत कुणी ना कुणी चालत असायला हवं, कारण रिकाम्या रस्त्याकडे कुणी बघत बसत नाही. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात. तुमचं फाटक बंद झालं की बोळातली वर्दळ आटणार, आणि जाळीच्या जागी भिंत आली की जे कुणी उरतील त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणी नाही. दोन्हीकडून भिंत असलेल्या बोळात मधे कुठे सुटायला वाव नसतो, ताई.

आता चोरीचं. कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी याव्या लागतात: करणारा, हाताला लागेल अशी वस्तू किंवा माणूस, आणि अडवणारं कुणी नसणं. यात उजेड कुठेच नाही बघा. उजेडाचा उपयोग बघणाऱ्याला असतो, बघणाराच नसेल तर चोराला कुलूप नीट दिसतं इतकंच.

एक विचारतो, पार्किंगकडे खिडक्या कसल्या आहेत? आणि बोळाकडे?

पायरीवरची

अहो हे कधी लक्षातच आलं नव्हतं, आत्ता खाली जाऊन बघून आले. पार्किंगच्या बाजूला सगळ्या बाथरूमच्या खिडक्या, त्या काचपट्ट्यांच्या, वर उंचावर, त्यातून आकाशसुद्धा धड दिसत नाही. आणि बोळाकडे सगळी स्वयंपाकघरं! संध्याकाळी सातपासून दहापर्यंत प्रत्येक ओट्याशी कुणीतरी उभं असतं, कुकर लावताना, भांडी घासताना नजर खाली जातेच. मी स्वतः रोज बघते कोण आलं कोण गेलं. म्हणजे बोळ इतकी वर्षं आम्हीच सांभाळत होतो आणि आता त्याच खिडक्यांसमोर भिंत घालायला निघालोय.

रातपाळी

ताई, धागा चांगलाय पण एका वाक्याला माझा आक्षेप आहे. "तक्रार नोंदवावी असं काही झालेलं नाही" म्हणजे काही झालेलं नाही असं होत नाही. मी दवाखान्यात आहे, पाळ्या बदलत्या, रात्री-अपरात्री येणंजाणं. कुणी मागे मागे चालत येतं, आपण हळू झालो की तोही हळू होतो, जवळून जाताना काहीतरी पुटपुटतो, यातलं कुठे कोण नोंदवतं? सांगायला गेलं की विचारतात, "पण केलं काय त्याने?" आकडे चोरीचे असतात, या गोष्टींचे नसतात. त्यामुळे बायकांची भीती उगाच आहे आणि आकडे खरे आहेत असं धरून कुणी पुढे जाऊ नका प्लीज. बाईच्या मनात पाकीटमाराच्या भीतीमागेही दुसरी भीती उभी असते, पुरुषाला पाकीट जाईल एवढंच वाटतं.

आणि मी रस्ता निवडते तेव्हा काय बघते ते सांगते. वळणापलीकडचं दिसतं का. मागून पावलं वाजली तर बाजूला सरकून त्याला पुढे जाऊ देता येतं का. ओरडले तर ऐकणारं कुणी आहे का. आणि मधे कुठून बाहेर पडता येतं का. तुमचं ते छोटं फाटक माझ्यासारखीला दहा दिव्यांपेक्षा मोलाचं आहे. ते बंद केलं तर मी त्या बोळात पाऊल टाकणार नाही, मग लांबच्या रस्त्याने जाईन, किंवा ती पाळीच घेणार नाही. कितीतरी जणी चांगली नोकरी, संध्याकाळचा क्लास यापायी सोडतात आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. जागा अशी असली की काही न घडताही आमचं आयुष्य आखडतं.

खारुताई

रातपाळीला शंभर टक्के अनुमोदन. अगदी अगदी.

जुनाखांब

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, त्या अनुभवावरून लिहितो. लोक म्हणतात अमका एरिया वाईट. एरिया वाईट नसतो हो, त्यातल्या चार जागा वाईट असतात. एखादा कोपरा, एखादा बार, एखादी ओसाड इमारत, बस एवढंच. बाकी गल्ल्यांत माणसं शांतपणे संसार करत असतात आणि पत्ता सांगितला की त्यांना नोकरी मिळत नाही, ही बदनामी मला फार खुपते. अमेरिकेत मिनिॲपोलिस शहराच्या पोलिसांना आलेले फोन तपासले होते, १९८९ चा अभ्यास आहे, गुन्हेशास्त्राचे अभ्यासक शेर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. पुढे सिॲटलमध्ये वाइसबर्ड यांनी रस्त्यांचे तुकडे पाडून बरीच वर्षं मोजलं, तिथेही ५ टक्क्यांच्या आसपास तुकड्यांवर निम्मे गुन्हे, आणि वर्षानुवर्षं तेच तुकडे. माणसं बदलली तरी तुकडे तेच राहिले, याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

म्हणून कमिटीला सांगा, आधी कुठे काय झालं ते कागदावर टिपा. वेळ, नेमकी जागा, काय झालं. अंदाजाने भिंती घालू नका.

ठिपका

मला हे जरा एकांगी वाटतंय. सगळं खिडक्या आणि कुंपणांवर ढकलायचं म्हणजे गरिबी, बेकारी, माणसांना दिलेली वागणूक हे सगळं बाजूला राहतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीचं उदाहरण तर हमखास देतात ना, अकरा मजली ३३ इमारती, पन्नाशीच्या दशकात बांधल्या आणि १९७२ मध्ये पाडायला सुरुवात, आणि सगळे म्हणाले डिझाइन चुकलं. पण तिथे देखभालीचा खर्च भाड्यातून निघावा अशी सोय होती, शहरातली माणसं आणि नोकऱ्या बाहेर चालल्या होत्या, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट बंद, काचा फुटलेल्या तशाच. यात इमारतीचा काय दोष?

नकाशा

ठिपका, तुमचं निम्मं मान्य आहे. पैसा आटला नसता तर ती वसाहत इतक्या लवकर पडली नसती. पण ऑस्कर न्यूमन नावाचे वास्तुविशारद सेंट लुईसमध्येच शिकवायला होते आणि त्यांनी शेजारीच बघितलं, रस्त्यापलीकडे बैठ्या घरांची कार स्क्वेअर व्हिलेज, साधारण तशाच परिस्थितीतली माणसं आणि तिथे हाल इतके नव्हते. मग प्रुइट-आयगोच्या आतही फरक होता: जो जिना-पॅसेज दोनच घरांचा होता तो स्वच्छ, आणि जो वीस घरांचा तो घाणीने भरलेला, दिवे फोडलेले. तीच इमारत, तीच गरिबी! आणि लिफ्ट प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर थांबायची, म्हणजे बाकीच्यांनी रात्री जिन्याने चढउतार करायची, ज्या जिन्यावर कुणाचीच नजर नाही. वीस घरांच्या पॅसेजमध्ये उभा असलेला माणूस आपल्यातला की परका हे कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून कुणी विचारत नाही. गरिबीने माणूस अडचणीत येतो हे खरं, पण त्या अडचणीत जागा त्याला साथ देते की एकटं पाडते हा प्रश्न उरतोच ना.

न्यूमननी १९७२ साली हे सगळं मांडलं. त्यातून काही बिल्डरांनी कुंपणं आणि गेटंच काय ती उचलली याचं मात्र मला वाईट वाटतं.

निळीशाई

फुटक्या काचांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन गावात एक प्रयोग झाला, २००८ मध्ये छापून आला. टपालपेटीतून एक पाकीट अर्धवट बाहेर लटकत ठेवलं, पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून आतली पाच युरोची नोट स्पष्ट दिसत होती. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी पाकीट लांबवलं. पेटीवर रंगाने काहीबाही खरडलेलं असताना २७ टक्के. भोवती कचरा टाकला तेव्हा २५. साधी येणारी-जाणारी माणसं बरं का, चोर नव्हेत. जागा जे सांगते ते माणूस ऐकतो.

त्यामुळे माझं मत, आधी बोळ झाडून घ्या, भिंतीवरचं खरडलेलं रंगवून काढा, मोडलेली फरशी बसवा. खर्चही फार नाही.

जुनाखांब

झाडून घ्या, जरूर घ्या. पण या विचाराचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, मला ते टोचतं. विल्सन आणि केलिंग या अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ मध्ये फुटक्या खिडकीची कल्पना मांडली की छोटी मोडतोड दुर्लक्षित राहिली की मोठे गुन्हे येतात. न्यूयॉर्कमध्ये ती पुढे किरकोळ गोष्टींवर कडक कारवाईसाठी वापरली गेली, आणि नंतर रस्त्यात अडवून झडती घेण्याचं प्रमाण इतकं वाढलं की २०११ या एका वर्षात ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा माणसांना अडवलं, त्यातले बहुतेक काळे आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाचे) आणि बहुतेकांवर कुठलाच आरोप निघाला नाही. २०१३ मध्ये कोर्टाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. खिडकी दुरुस्त करायची सोडून माणसांनाच पकडायला लागले. खात्यात असताना मीही हे दुरून वाचायचो आणि सहकाऱ्यांना सांगायचो, फुटकी काच बदलायला कॉन्स्टेबल लागत नाही, सुतार लागतो.

ठिपका

हे पटलं. आणि अव्यवस्था कुणाला दिसते हाही प्रश्न आहेच. शिकागोत सॅम्पसन आणि रॉडनबुश या अभ्यासकांनी दाखवलंय की प्रत्यक्षात कचरा-मोडतोड तेवढीच असली तरी वस्तीत काळे आणि गरीब लोक जास्त असले की लोकांना ती वस्ती जास्त बिघडलेली वाटते. म्हणजे भीतीवर विश्वास ठेवायचा, पण डोळे मिटून नाही.

निळीशाई

हो, आणि त्याच शिकागोच्या कामातला १९९७ चा भाग मला सगळ्यात आवडतो. ३४३ वस्त्यांमधल्या ८ हजारांवर लोकांना साधे प्रश्न विचारले: शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी राहिली तर तुमचे शेजारी काही बोलतील का? कुणी भिंतीवर खरडत असेल तर? शेजारी एकमेकांना मदत करतात का? जिथे लोक हो म्हणाले तिथे हिंसा कमी होती, गरिबी वगैरे सगळं हिशोबात धरूनही. नुसत्या खिडकीने होत नाही, खिडकीतल्या माणसाला खाली आवाज द्यावासा वाटला पाहिजे. ताई, तुम्ही ओट्यावरून बघता ते खरं, पण काही झालं तर हाक माराल?

पायरीवरची

मारेन. मारलीये. एकदा दोन मुलं फाटकापाशी एका लहान मुलाला अडवून उभी होती, मी वरून नुसतं "काय रे, काय चाललंय?" म्हटलं आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूही लगेच खिडकीत आल्या. पोरं निघून गेली. कॅमेऱ्याने हे केलं नसतं, त्याने दुसऱ्या दिवशी दाखवलं असतं फक्त.

बरं, कमिटीतल्या एकांचा निरोप आला की भिंत नको तर निदान हॅलोजन लावू. उजेडाचं काय करायचं?

नकाशा

उजेडाबद्दल दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत, म्हणून जपून. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी हलवता येणारे मोठे दिव्यांचे मनोरे उभे केले, तिथे रात्रीचे बाहेर घडणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी कमी झाले असा निष्कर्ष निघाला. पण इंग्लंड-वेल्समध्ये खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी रात्री रस्त्यावरचे दिवे बंद केले किंवा मंद केले, ६२ स्थानिक प्रशासनांची आकडेवारी तपासली, २०१५ मध्ये आलं ते, आणि गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही. मला वाटतं उत्तर दिव्यात नाही, दिव्याखाली कोण आहे यात आहे. ब्रिटनमधल्या काही प्रयोगांत तर दिवे सुधारल्यावर दिवसाचे गुन्हेही कमी झाले. दिवसा दिव्याचा काय उपयोग? पण रस्ता सुधारला, कुणीतरी लक्ष घालतंय असं दिसलं, लोक बाहेर पडू लागले.

हॅलोजन नको मात्र. एकच झगझगीत दिवा लावला की त्याच्या पलीकडे मिट्ट काळोख होतो आणि चालणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा कमी वॅटचे, जवळजवळ, खाली तोंड केलेले दिवे लावा. समोरून येणाऱ्याचा चेहरा लांबून ओळखू आला पाहिजे, ही कसोटी.

रातपाळी

चेहरा ओळखू येणं अगदी बरोबर. आणि कुंपणाशी झुडपं असतील तर छाटा, कमरेच्या वर नकोत. वॉशिंग्टनची मेट्रो १९७६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून स्टेशनं अशी बांधलीत की उंच कमान, मधे खांबांची गर्दी नाही, लपायला कोपरे नाहीत, एका नजरेत पूर्ण फलाट दिसतो. तिथल्या कमी गुन्ह्यांचं श्रेय अभ्यासक बऱ्याच अंशी याला देतात. टोरंटोत १९९१ पासून रात्री बसमधल्या बायकांना दोन स्टॉपच्या मधे उतरायची सोय केली, पुढे ती सगळ्यांसाठी खुली झाली. घरासमोर उतरायला मिळणं यात किती फरक पडतो हे रात्री एकटीने चाललेल्या कुणालाही विचारा.

खारुताई

मी दोन मुलींची आई, माझंही एक. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात बागांचा अभ्यास केला, तर नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात असं दिसलं, मुलगे येतच राहतात. बागेत एकच मोठं जाळीबंद मैदान, त्याला एकच दार, त्यात मोठी पोरं फुटबॉल खेळणार. मुली दारातून परत. मग त्यांनी मैदानाला जास्त वाटा काढल्या, मोठी जागा छोट्या भागांत तोडली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत आल्या. कुणालाही हाकललं नाही, पहारेकरी नेमला नाही. ताई, तुमच्या मीटिंगमध्ये बोलणारे सगळे गाडीने येणारे असतील तर बोळातून चालणाऱ्यांना, विशेषतः शाळकरी मुलींना आणि कामाला येणाऱ्या बायकांना आधी विचारा. त्यांना माहीत असतं नेमकं कुठे पाय अडखळतो.

ठिपका

गोदामाच्या पुढ्यात मोकळी जागा आहे का? असेल तर फिलाडेल्फिया बघा. शहरातल्या ५४१ ओसाड प्लॉट घेऊन काहींवर कचरा काढला, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं ज्यावरून सहज आत पाहता येईल, बाकीचे तसेच ठेवले. गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या प्लॉटांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली, २०१८ चा अहवाल आहे, आणि लोकांची बाहेर पडायची भीती निम्म्याहून कमी झाली. माझ्यासारख्या शंकेखोराला हे पटतं कारण इथे माणसांना काही केलं नाही, जागेची काळजी घेतली.

पायरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रविवारी मीटिंग आहे. मी असं मांडणार आहे: जाळी राहू दे, झुडपं छाटू, दिवे तीन, खाली तोंड केलेले. आणि सायकलींचा स्टँड पार्किंगमधून उचलून बोळाच्या बाजूला, स्वयंपाकघरांच्या खिडक्यांखाली आणू. काकू आणि मी मिळून फाटकापाशी दुपारी आणि रात्री उभं राहून चालणाऱ्यांना विचारणार आहोत. फाटकाला रात्री कुलूप लावायचं की नाही यावर वाद होईल, त्याबद्दल कुणी सुचवा.

जुनाखांब

स्टँडची कल्पना उत्तम. लोखंडी स्टँड जमिनीत काँक्रीटने पक्का करा, नुसता ठेवू नका. चोर स्टँडसकट उचलून नेतात, पाहिलंय. आणि झालेल्या चोऱ्यांच्या वेळा तेवढ्या टिपून न्या मीटिंगला.

रातपाळी

कुलूप लावलंच तर शेवटची बस येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने लावा, घड्याळातल्या कुठल्या तरी गोल आकड्याला नको. बस उशिरा आली तर माणूस अडकतं. आणि बंद-उघडायच्या वेळांची पाटी फाटकावर लावू नका, बसस्टॉपच्या टोकाला लावा. अर्धा बोळ चालून गेल्यावर फाटक बंद आहे कळलं तर तेवढंच परत चालावं लागतं.